मल्टिकोर फायबरचे कनेक्टर: गाभे समोरासमोर आणण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मल्टिकोर फायबरला वेगळा कनेक्टर का लागतो?

नेहमीच्या सिंगल-मोड फायबरमध्ये १२५ मायक्रॉन व्यासाच्या काचेच्या मधोमध प्रकाश वाहून नेणारा एकच गाभा असतो. तो मध्यावर असल्यामुळे फायबर स्वतःच्या अक्षाभोवती कितीही फिरले, तरी गाभा जागचा हलत नाही. मल्टिकोर फायबरमध्ये त्याच काचेत दोन, चार, सात किंवा त्याहूनही अधिक गाभे असतात आणि त्यांपैकी बहुतेक मध्यापासून दूर असतात. फायबर किंचित फिरले की हे गाभे समोरच्या गाभ्यांपासून सरकतात. त्यामुळे कनेक्टरला आडवे विचलन, उभे विचलन आणि दोन टोकांमधील फट यांच्याबरोबर अक्षाभोवतीचे फिरणेही आवरावे लागते. यंत्ररचनेच्या दृष्टीने पाहिले तर ही चौथी अट पहिल्या तिन्हींपेक्षा अवघड आहे, कारण आजचे बहुतेक कनेक्टर ती अट नसताना घडवले गेलेले आहेत.

ही कल्पना नवी आहे का?

नाही. जपानमधील फुरुकावा कंपनीच्या अभियंत्यांनी १९७९ मध्येच मल्टिकोर फायबर मांडले होते. मात्र त्या काळी एका गाभ्याची क्षमताच इतकी पुरेशी होती की ते मागे पडले. साधारण २००८ पासून जपानमध्ये या विषयाला पुन्हा गती आली. २०२१ मध्ये तेथील राष्ट्रीय संशोधन संस्था एनआयसीटीने १२५ मायक्रॉनच्या चार-गाभ्यांच्या फायबरमधून ३,००१ किलोमीटर अंतरावर सेकंदाला ३१९ टेराबिट माहिती पाठवून दाखवली. २०२३ मध्ये गूगल आणि एनईसी यांनी तैवान, फिलिपिन्स आणि अमेरिका यांना जोडणाऱ्या समुद्री केबलमध्ये दोन-गाभ्यांचे फायबर वापरणार असल्याचे जाहीर केले. प्रयोगशाळेत टोके एकदाच जोडून भागते, प्रत्यक्ष जाळ्यात ती पुन्हा पुन्हा काढावी आणि लावावी लागतात, आणि म्हणूनच कनेक्टरचा प्रश्न आता ऐरणीवर आला आहे.

फायबर एक अंश फिरले तर किती तोटा होतो?

हे कागदावर सहज मोजता येते. दोन गाभे एकमेकांपासून आडवे सरकले, तर डेसिबलमधील तोटा अंदाजे ४.३४ गुणिले (विचलन भागिले प्रकाशझोताची त्रिज्या) याचा वर्ग इतका असतो. १३१० नॅनोमीटर तरंगलांबीला नेहमीच्या फायबरमधील झोताचा व्यास सुमारे ९.२ मायक्रॉन, म्हणजे त्रिज्या ४.६ मायक्रॉन धरली, तर अर्ध्या मायक्रॉनच्या विचलनाला ०.०५ डेसिबल, एका मायक्रॉनला ०.२० डेसिबल आणि दोन मायक्रॉनला ०.८२ डेसिबल तोटा येतो. वर्गाचे सूत्र असल्यामुळे सुरुवातीला चूक खपून जाते आणि पुढे एकदम महागात पडते.

आता चार गाभे ४० मायक्रॉन अंतराच्या चौरसात बसवले आहेत असे समजू. प्रत्येक गाभा मध्यापासून सुमारे २८.३ मायक्रॉन दूर आहे. एक अंश फिरण्याने तो जवळपास ०.५ मायक्रॉन सरकतो आणि ०.०५ डेसिबल तोटा होतो. सात-गाभ्यांच्या षटकोनी रचनेत बाहेरचे गाभे ४० मायक्रॉनवर असतील, तर त्याच एका अंशाला ०.७ मायक्रॉन आणि ०.१० डेसिबल, आणि दोन अंशांना ०.४० डेसिबल. ही फक्त फिरण्याची किंमत झाली. फेरूलच्या, म्हणजे फायबरचे टोक धरून ठेवणाऱ्या बारीक नळीच्या, इतर चुका अजून हिशेबात धरलेल्याच नाहीत.

मग एकूण किती चूक परवडते?

आंतरराष्ट्रीय मानकांत सिंगल-मोड कनेक्टरच्या बी श्रेणीसाठी कोणताही प्लग कोणत्याही प्लगला जोडला असता सरासरी तोटा ०.१२ डेसिबलच्या आत आणि ९७ टक्के जोडण्यांत तो ०.२५ डेसिबलच्या आत असावा लागतो. वरील सूत्र उलटे लावले, तर ०.२५ डेसिबल म्हणजे सुमारे १.१ मायक्रॉन विचलन. फेरूलचे छिद्र मध्यापासून ढळलेले असणे, छिद्र आणि फायबर यांच्यातील मोकळीक, फायबर ओढतानाच गाभ्यांच्या जागांत झालेला फरक आणि दोन्ही प्लगांचे फिरणे हे सगळे या १.१ मायक्रॉनमध्ये बसवायचे असते. रचनाकाराने पहिल्याच दिवशी हा वाटा कागदावर ठरवून घ्यावा. सगळा वाटा फिरण्यासाठी राखून ठेवला आणि फेरूल नेहमीच्या दर्जाचे घेतले, तर उत्तम यंत्रणा असूनही निकाल सुमार येतो.

नेहमीच्या एससी किंवा एलसी कनेक्टरमध्येच हे फायबर बसवले तर काय बिघडते?

फेरूल तेच चालते. एससीचे २.५ मिलिमीटर आणि एलसी किंवा एमयूचे १.२५ मिलिमीटर व्यासाचे झिर्कोनियाचे फेरूल मल्टिकोरसाठीही वापरतात. अडचण फेरूलच्या मागे, म्हणजे ते ज्या घरात बसते तेथे आहे.

चांगल्या कनेक्टरमध्ये फेरूल घरात घट्ट बसवलेले नसते. ते मागच्या स्प्रिंगवर तरंगते. दोन प्लग जोडणाऱ्या अडॅप्टरमधील चिरलेल्या नळीत, म्हणजे स्लीव्हमध्ये, दोन फेरूल समोरासमोर आली की ती स्लीव्हनुसार स्वतःला सरळ करून घेतात आणि बाहेरून केबल ओढली गेली तरी तो ताण फेरूलच्या तोंडापर्यंत पोहोचत नाही. हे तरंगणे सोडून चालत नाही. मात्र फेरूलला आडवे हलता यावे म्हणून त्याच्याभोवती बसवलेल्या कडीतील खाच आणि घरातील दांडी यांच्यामध्ये थोडी फट ठेवलेली असते, आणि त्याच फटीतून फेरूल फिरतेही. खाच मध्यापासून २ मिलिमीटरवर असेल आणि एका बाजूला ५० मायक्रॉन फट असेल, तर फेरूलला जवळपास १.४ अंश फिरायला मोकळीक मिळते. हे फिरणे अर्ध्या अंशात आणायचे, तर फट १७ मायक्रॉनवर आणावी लागेल. साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या भागांत इतकी अचूकता टिकवणे अवघड असते, आणि टिकवलीच तर फेरूल घरात अडकून बसण्याची भीती असते. म्हणजे तरंगू दिले तर ते फिरते आणि फिरू दिले नाही तर ते तरंगत नाही, असा हा पेच आहे.

या पेचातून मार्ग काय?

जपानी संशोधकांनी एमयू प्रकारच्या मल्टिकोर कनेक्टरसाठी ओल्डहॅम कपलिंग वापरले, आणि मला तो आजवरचा सर्वांत समजूतदार उपाय वाटतो. ही यंत्रणा जॉन ओल्डहॅम या आयरिश अभियंत्याने १८२१ मध्ये शोधली. एकमेकांच्या रेषेत नसलेल्या दोन दांड्यांमध्ये फिरण्याची गती पोहोचवणे हे तिचे मूळ काम. दोन चकत्यांच्या मध्ये एक तिसरी चकती असते. तिच्या एका तोंडावर आडवी आणि दुसऱ्या तोंडावर उभी धार असते. एका धारेवरून आडवे सरकता येते, दुसरीवरून उभे, पण दोन्ही चकत्यांचा परस्परकोन कायम राहतो.

कनेक्टरमध्ये फेरूलची कडी, मधली कडी आणि घर असे तीन भाग याच पद्धतीने गुंफले जातात. फेरूल आडवे आणि उभे मोकळेपणाने सरकते, त्यामुळे तरंगणे शाबूत राहते, आणि फिरणे मात्र धारांच्या घट्ट बसणीमुळे अडते. येथे धार आणि खाच यांच्यातील फट अगदी कमी ठेवता येते, कारण आता ती फट आडव्या हालचालीसाठी लागत नाही. भाग वाढतो, जुळणीला वेळ लागतो, किंमतही वाढते, हे मान्यच करावे लागेल.

ध्रुवण, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाची दिशा, राखणाऱ्या पीएम फायबरचे कनेक्टर वापरता येतील का? त्यांतही कोन जुळवलेला असतो.

हा प्रश्न रास्त आहे, आणि सुरुवातीच्या चाचण्यांसाठी ते वापरायला हरकत नाही. पण पीएम फायबरला लागणारा कोन सैल असतो. तेथे तीन अंशांची चूक झाली तरी हव्या आणि नको असलेल्या ध्रुवणांतील प्रकाशाचे गुणोत्तर सुमारे २५ डेसिबल राहते, जे बऱ्याच कामांना पुरते. चार-गाभ्यांच्या फायबरमध्ये तीन अंश म्हणजे जवळपास १.५ मायक्रॉन आणि एकट्या त्या कारणाने ०.४५ डेसिबल. शिवाय पीएमच्या जोडणीत फिरण्याची चूक झाली तरी प्रकाश मोठ्या प्रमाणात कमी होत नाही, त्यामुळे ती पॉवर मीटरवर सहसा दिसतच नाही. येथे ती लगेच दिसते.

फायबर फेरूलमध्ये योग्य कोनात कसे बसवतात?

दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत फेरूल आधीच कडीत पक्के केलेले असते. इपॉक्सी भरून फायबर छिद्रातून पुढे काढतात, समोरच्या कॅमेऱ्यात गाभे आणि खुणेचा ठिपका पाहत फायबर मागून धरून फिरवतात आणि कोन जुळला की उष्णता देऊन इपॉक्सी घट्ट करतात. यात एक खोच आहे. इपॉक्सी तापली की घट्ट होण्यापूर्वी काही काळ पातळ होते. मागची पकड आणि छिद्र यांच्यामध्ये फायबरमध्ये पीळ साठलेला असेल, तर तो नेमका त्या वेळी उलगडतो आणि सकाळी जुळवलेला कोन ओव्हनमधून बाहेर येताना बदललेला असतो. म्हणून पकड इपॉक्सी पूर्ण घट्ट होईपर्यंत सोडायची नसते आणि फिरवताना शेवटची हालचाल उलट दिशेने थोडी मागे घेऊन पीळ काढून टाकायचा असतो.

दुसऱ्या पद्धतीत फायबर फेरूलमध्ये कोणत्याही कोनात चिकटवतात, तोंड पॉलिश करतात आणि मग संपूर्ण फेरूलच कडीत फिरवून कोन जुळवून तेथे पक्के करतात. माझा कल या पद्धतीकडे आहे. पॉलिश केलेल्या तोंडावर गाभ्यांचे चित्र स्वच्छ दिसते, फायबरमध्ये पीळ राहत नाही आणि कोन चुकला तर फक्त कडी बदलावी लागते. मात्र फेरूल आणि कडी यांचा जोड तापमानाच्या चढउतारांत आणि वारंवार काढण्या-लावण्यात तसूभरही सरकणार नाही, याची खात्री चाचणीने करून घ्यावी लागते.

नेहमीच्या कनेक्टरमध्ये फेरूल फिरवून तोटा कमी करतात, तसे येथे करता येत नाही का?

करता येत नाही. सिंगल-मोड फेरूलमध्ये गाभा ज्या बाजूला ढळला असेल ती बाजू नेहमी एकाच दिशेला ठेवतात, म्हणजे दोन्ही प्लगांचे ढळणे एकमेकांना झाकते. मल्टिकोरमध्ये फेरूलचा कोन गाभ्यांच्या जुळणीनेच ठरून जातो, त्यामुळे ही सवलत खर्ची पडते. याचा परिणाम म्हणून फेरूलचे छिद्र अधिक मध्यवर्ती असावे लागते आणि छिद्राची मोकळीक अर्ध्या मायक्रॉनपेक्षा कमी ठेवावी लागते. फेरूल निवडून वापरणे हा सध्याचा व्यवहार्य मार्ग आहे.

चारही गाभ्यांचा तोटा वेगवेगळा येतो. चूक कोठे शोधावी?

या मोजमापातच निदान दडलेले असते. फेरूल फक्त आडवे ढळले असेल, तर सर्व गाभे एकाच दिशेला सारखेच सरकतात आणि तोटा सारखा येतो. फक्त फिरले असेल, तरी मध्यापासून सारख्या अंतरावरील गाभ्यांचा तोटा सारखाच येतो. दोन्ही चुका एकत्र आल्या की मात्र फरक पडतो, कारण त्या दिशेसह मिसळतात.

समजा फेरूल ०.७ मायक्रॉन ढळले आहे आणि १.४ अंश फिरले आहे, म्हणजे फिरण्यामुळेही प्रत्येक गाभा सुमारे ०.७ मायक्रॉन सरकला आहे. ज्या गाभ्यावर दोन्ही सरकणी एकाच दिशेला पडतात तेथे १.४ मायक्रॉन आणि ०.४० डेसिबल, त्याच्या समोरच्या गाभ्यावर त्या एकमेकांना खोडून काढतात आणि तोटा जवळपास शून्य, उरलेल्या दोघांवर प्रत्येकी ०.२० डेसिबल. म्हणून समोरासमोरच्या गाभ्यांत मोठा फरक दिसला की दोन्ही चुका आहेत असे समजावे. शून्य तोट्याचा गाभा पाहून खूश होण्याचे कारण नसते. सात-गाभ्यांच्या फायबरमध्ये निदान आणखी सोपे असते, कारण मधला गाभा फिरण्याला दाद देत नाही. त्याचा तोटा फेरूलचे ढळणे सांगतो आणि बाहेरच्यांचा जादा तोटा फिरणे सांगतो.

फायबरमधील खुणेचा ठिपका कशासाठी असतो?

चौरसात बसवलेले चार गाभे ९० अंश फिरवले तरी तसेच दिसतात. पहिला गाभा कोणता हे ओळखण्यासाठी काचेत एका गाभ्याजवळ, चौरसाची सममिती मोडेल अशा जागी एक लहान खूण घालतात.

पण एवढ्याने भागत नाही, आणि नव्या लोकांची गफलत येथेच होते. फायबरच्या एका टोकाकडे पाहिले तर गाभे १, २, ३, ४ असे घड्याळाच्या दिशेने दिसतात. त्याच फायबरच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिले तर ते उलट दिशेने दिसतात. म्हणजे प्रत्येक फायबरला ए आणि बी अशी दोन वेगळी टोके असतात आणि ए टोक नेहमी बी टोकालाच जोडावे लागते. ए ला ए जोडले आणि चौरस कनेक्टरच्या उभ्या अक्षाशी सममित असेल, तर गाभे व्यवस्थित समोरासमोर येतात, पॉवर मीटर उत्तम आकडे दाखवतो, पण एका गाभ्यातील संदेश दुसऱ्याच गाभ्यात गेलेला असतो. तोटा मोजून ही चूक पकडताच येत नाही. प्रत्येक गाभ्यात स्वतंत्रपणे प्रकाश सोडून तो पलीकडे कोठे निघतो हे पाहावे लागते. माझ्या मते टोकाचा प्रकार प्लगच्या रंगाने तरी दाखवावाच, आणि शक्य असेल तेथे चुकीचे टोक अडॅप्टरमध्ये शिरूच नये अशी खाच ठेवावी.

सर्व गाभ्यांना एकाच वेळी काचेला काच स्पर्श मिळतो का?

मिळवावा लागतो. मध्ये हवेची फट राहिली, तर काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे ३.५ टक्के प्रकाश परावर्तित होतो आणि एकूण तोटा ०.३ डेसिबलच्या घरात जातो. फेरूलचे तोंड गोलाकार पॉलिश केलेले असते. त्या गोलाईची त्रिज्या १५ मिलिमीटर धरली, तर शिखरापासून २८.३ मायक्रॉनवरील गाभा सुमारे २७ नॅनोमीटर आणि ४० मायक्रॉनवरील गाभा सुमारे ५३ नॅनोमीटर खाली असतो. स्प्रिंगच्या दाबाने हे अंतर सहज मिटते. पण गोलाईचे शिखरच फायबरच्या मध्यापासून ५० मायक्रॉन ढळले असेल, जे साध्या कनेक्टरमध्ये चालवून घेतात, तर पलीकडचा गाभा २०० नॅनोमीटरहून खाली जातो. म्हणून मल्टिकोरसाठी शिखराच्या ढळण्याची मर्यादा अधिक कडक ठेवावी आणि परावर्तन प्रत्येक गाभ्यासाठी वेगळे मोजावे.

आठ अंशांचे तिरके पॉलिश चालते का?

चालते, आणि परावर्तन ६० डेसिबलपर्यंत खाली न्यायचे असेल तर तेच घ्यावे. मात्र तिरप्या तोंडाची दिशा आणि गाभ्यांची दिशा दोन्ही एकाच खाचेशी जुळवाव्या लागतात.

तोंडाची तपासणी आणि सफाई यांत काही वेगळे आहे का?

आहे, आणि ते सहज नजरेआड होते. सिंगल-मोड फेरूलचे तोंड तपासताना मध्याभोवतीचे २५ मायक्रॉन व्यासाचे वर्तुळ सर्वांत कडक निकषाचे असते, त्याबाहेरील काचेवर थोडे ओरखडे आणि कण चालवून घेतात. चार-गाभ्यांच्या फायबरमध्ये सर्व गाभे २८ मायक्रॉनवर, म्हणजे नेमके त्या सवलतीच्या पट्ट्यात असतात. जुन्या सॉफ्टवेअरने तपासलेला प्लग ‘पास’ दाखवेल आणि तरी एखाद्या गाभ्यावर धूळ बसलेली असेल. प्रत्येक गाभ्याभोवती वेगळे वर्तुळ आखणारी तपासणी हवी. सफाईचे साधन मात्र नेहमीचेच चालते.

एमपीओसारख्या बहुफायबर कनेक्टरमध्ये हे जमेल का?

०.७ मिलिमीटरच्या दोन मार्गदर्शक पिनांमुळे एमपीओमधील एमटी नावाच्या फेरूलचे स्वतःचे फिरणे जवळपास नाहीसे होते, ही मोठीच सोय आहे. अडचण आत आहे. बारा फायबरांपैकी प्रत्येकाचा कोन स्वतंत्रपणे जुळवून मग सर्व एकत्र चिकटवावी लागतात. बारा फायबर आणि चार गाभे म्हणजे एका प्लगमध्ये ४८ वाटा, हे आकर्षण खरे आहे, पण त्यांतील एका फायबरचा कोन चुकला की पूर्ण प्लग बाद होतो.

कनेक्टरमुळे शेजारच्या गाभ्यांत संदेश मिसळतो का?

व्यवहारात नाही. गाभे ४० मायक्रॉन दूर असताना एक-दोन मायक्रॉनच्या विचलनाने शेजारच्या गाभ्यात पोहोचणारा प्रकाश नगण्य असतो. मिसळण होते ती मुख्यतः फायबरच्या लांबीभर.

कनेक्टरऐवजी सगळीकडे स्प्लाइसच का करू नये?

फायबर फिरवणारी मोटर असलेल्या स्प्लाइसिंग यंत्रांनी मल्टिकोरची कायमची जोडणी चांगली होते आणि केबलच्या मध्ये तीच करावी. उपकरणाच्या तोंडाशी मात्र काढता-लावता येणारी जोडणी लागतेच. तेथे आणखी एक भाग येतो, तो म्हणजे गाभे वेगवेगळ्या फायबरांत फोडणारा फॅन-आउट. कनेक्टरचा तोटा मोजताना फॅन-आउटचा तोटा वेगळा काढण्याची काळजी घ्यावी. पुष्कळदा दोष फॅन-आउटचा असतो आणि बोल कनेक्टरला लागतो.

किती गाभ्यांचे फायबर निवडावे?

कनेक्टरचा विचार केला तर १२५ मायक्रॉनमधील चार गाभे. नेहमीचे फेरूल, पॉलिशची यंत्रे आणि केबलची रचना तशीच वापरता येते आणि गाभे मध्यापासून फार दूर नसतात. एकोणीस गाभे संदेश एकमेकांत न मिसळता बसवायचे तर काच जाड करावी लागते, त्यासाठी वेगळे फेरूल लागते, काच वाकवताना तुटण्याची शक्यता वाढते आणि बाहेरच्या गाभ्यांसाठी अर्धा अंशही जास्त ठरतो.

भारतात या फायबरचे उत्पादन होते का?

होते. छत्रपती संभाजीनगर येथे काच आणि फायबरचे कारखाने असलेल्या एसटीएल कंपनीने २०२२ मध्ये मल्टिव्हर्स या नावाने चार-गाभ्यांचे फायबर सादर केले. या फायबरसाठी येथे कनेक्टर घडवू इच्छिणाऱ्या लहान उद्योगांना माझी सूचना अशी, की फेरूल बाहेरून घ्यावीत आणि आपले बळ कडी, मधली चकती आणि घर या भागांच्या अचूक साच्यांवर तसेच कोन जुळवणाऱ्या कॅमेऱ्याच्या बाकावर खर्च करावे. फेरूलच्या उत्पादनात उतरायला लागणारे भांडवल फार मोठे आहे. साच्यांचे बारीक काम मात्र वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या तेथील कारागिरांच्या हातात आधीच आहे.